एक्सिलेटरची माफी

माझ्या साडूइतका गाडी न कळणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मिळून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्याकडे गाडी नसेल. याच्याकडे आहे. ती घेतल्यापासून मुरबाडजवळच्या आपल्या गावात हा गृहस्थ स्वतःला मेकॅनिकचा बाप समजतो. चपला बाहेर काढून आत बसतो, स्टेअरिंगला लावलेला हात कपाळाला लावतो आणि "चल गो बाय" म्हटल्याशिवाय चावी फिरवत नाही. बिघाड झाला की बॉनेटला कान लावून डोळे मिटतो. वायपर अडकला तरी निदान एकच, "पंप गेला!"

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या सासूबाई त्याच्याकडे राहतात आणि त्यांना डायलिसिसला कल्याणला न्यावं लागतं. सोबतीला मी शहापूरहून जातो. पावसाळा सरता सरता गाडीचा पिकअपच गेला. पाय दाबा नाहीतर वर उभं राहून नाचा, ती आपली बैलगाडीच्या चालीने चालायची. मागचे जीपवाले शिव्या घालत पुढे जायचे, मी "जरा दाबा की!" म्हणून ओरडायचो आणि हा शहाणा डिझेलला नावं ठेवायचा. पंप उघडून झाला, फिल्टर बदलून झाला, गाडीची दृष्टसुद्धा काढून झाली. एकदा इतका उशीर झाला की सासूबाईंना मशिनवर पुरता वेळच मिळाला नाही. रात्रभर त्यांना धाप लागली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला नाही नाही ते बोललो. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि पुन्हा पंप उघडला. कपाळ माझं!

शेवटी मीच साडूला शेजारी बसवून गाडी मुरबाडच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकने स्कॅनर लावला. "एक्सिलेटरचा सेन्सर गेलाय. तुमी पाय किती दाबता ते इंजिनला कलतच नाय."

"पाय मी देतो, त्या डब्याला काय इचारता?" साडू गुरकावला.

मेकॅनिकने एक्सिलेटरच्या पेडलच्या वरचं सॉकेट ओढून काढलं. आत हिरवा गंज आणि सगळं चिकट. "हितं पानी कोन ओततो रे?"

साडू कावराबावरा झाला. "नारलाचं हाय. ज्या लक्षुमीला रोज लाथ मारायची तिची माफी नको मागायला? दर खेपेला वाईच घालतो, म्हातारी नीट घरी यावी म्हनून."

अहो, माफीच मागायची तर हात जोडा, अभिषेक कशाला? मी त्याला तिथेच चांगला झापला. पण नेहमीसारखा आवाज काही चढला नाही.

नवा सेन्सर बसला आणि पुढच्या खेपेला गाडी वाऱ्यासारखी सुटली. मी खूश. मागून सासूबाई म्हणाल्या, "एवड्या लवकर नेऊन काय करता? तितं सुयाच टोचायच्या ना! आदी कशी सगल्यांची शेतं बगून व्हायची, बाया हाका मारायच्या. आता कोन दिसतच नाय."

साडूने आरशात त्यांच्याकडे पाहिलं, पण पाय काही उचलला नाही. माझ्या शिव्यांची धास्ती, दुसरं काय! पुढे रस्त्याकडेच्या शेतात बाया भात कापत होत्या. वेळ होता. मी मागे वळून सासूबाईंची काच खाली केली आणि साडूला म्हटलं, "हळू घ्या."