आधीपासून माहीत होतं

तीस वर्षांपूर्वी मी अमेरिकेत, एडिसनमधल्या आमच्या मराठी मंडळाचा सचिव होतो. इतिवृत्ताच्या वहीत तेव्हा मी लिहिलं : 'नाट्यविभाग प्रमुखांनी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला.' हे खोटं आहे.

तो प्रमुख माझा मित्र. आमची नाटकं तोच बसवायचा, गणपतीची सजावटही त्याचीच. तो एका पुरुषाबरोबर संसार करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी विषय काढत नसे. सजावट छान व्हायची.

त्या वर्षी आमच्या अभ्यासमंडळात तो नाझी चळवळीवर बोलला. त्यांच्या लढाऊ दलाचा प्रमुख समलिंगी होता आणि नेत्याला ते आधीपासून माहीत होतं. रस्त्यावरच्या मारामाऱ्यांसाठी तो हवा होता, तोवर ती त्याची खाजगी बाब होती. सत्ता आली, दल डोईजड झालं, तेव्हा त्याला मारून टाकलं. वर बंडाचा आळ घेतला आणि आम्ही अनैतिकता साफ केली, अशी फुशारकी मारली.

"तो माणूस गुंडच होता, त्याच्यासाठी रडू नका," मित्र म्हणाला. "पण पुढे त्याच नीतीच्या नावाखाली हजारो साध्या माणसांना छावण्यांत डांबलं."

मागून कोणीतरी ओरडलं, "यार, रविवारी काहीतरी लाइट घे ना!" सगळे हसले. मीही हसलो.

दोन महिन्यांनी त्याने अध्यक्षपदासाठी अर्ज भरला.

"स्टेजच्या मागे ठीक आहे हो," समितीच्या बैठकीत मावळते अध्यक्ष म्हणाले, "पण माइकसमोर? मुलं काय शिकतील?" त्याच्याशी बोलायला मला पाठवलं, कारण मी जवळचा.

त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला माझ्याबद्दल कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"मग आज नवीन काय कळलं?"

मी खाली बघत राजीनाम्याचा कागद पुढे केला; अध्यक्षपदाचा अर्ज मागे घेतल्याचंही त्यातच लिहिलं होतं. त्याने सही केली.

आम्ही कोणाचा जीव घेतला नाही. नाझींशी बरोबरी करून मला माझा अपराध फुगवायचा नाही. पण युक्ती तीच होती, आणि ती कशी ओळखायची हे त्यानेच आम्हाला समजावून सांगितलं होतं.

तो आता दूर चँडलर गावी राहतो. गेल्या आठवड्यात मी त्याला तिथे फोन केला. म्हटलं, इतिवृत्तात दुरुस्ती सुचवतोय.

"माझं नाव घालू नकोस," तो म्हणाला. "आणि कीव नको. ते वाक्य कोणी लिहिलं, तेवढं सांग."

रविवारी वार्षिक सभा आहे. आताचे अध्यक्ष माझ्या मुलाच्या वयाचे. "काका, इतकी वर्षं झाली, अजेंडा फुल आहे. स्किप करू या ना?"

"पहिलाच विषय इतिवृत्ताचा आहे," मी म्हणालो. "तेव्हाच उभा राहीन. दोन मिनिटं लागतील."

कागद तयार आहे : 'तेव्हाच्या नाट्यविभाग प्रमुखांचा तो राजीनामा वैयक्तिक कारणास्तव नव्हता. ते समलिंगी आहेत हे समितीला आधीपासून माहीत होतं. ते अध्यक्ष होऊ नयेत म्हणून समितीने राजीनामा मागितला. मागायला सचिव गेला आणि खोटी नोंदही त्यानेच केली. तो सचिव मी.'