मावशीची गाडी ठो करायची

माझी मावशी मोटार चालवायला शिकवायची. तिच्याकडे एकच गाडी होती, पांढरी, छपरावर ‘शिकाऊ’ अशी पाटी लावलेली. शेजारच्या सीटपुढे मावशीच्या पायांशी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच होता. नवीन माणूस शिकायला आला की पहिल्याच दिवशी ती त्याला बजावायची, "रस्त्यावरचा प्रत्येक जण आता चुकणार आहे असं धरून चाल. पुढचा चुकणार, मागचा चुकणार, आणि तू तर चुकणारच आहेस." घरी आल्यावरही ती याच हिशोबाने वागायची. फळवाला दोन शब्द गोड बोलला की ती पिशवी तळापर्यंत उपसून बघायची, सडकी फळं कुठे दडवलीत म्हणून.

तिचे यजमान, म्हणजे माझे काका, या बाबतीत तिच्या वरताण. दुकानांतले वजनकाटे तपासायच्या नोकरीत त्यांची हयात गेली. कोणाचा अंगठा पारड्याला कुठे टेकतो हे बघण्यात इतकी वर्षं काढल्यावर निवृत्तीनंतर नजर थोडीच जागेवर बसणार? दुपारभर ते खिडकीत असायचे. गल्लीत नवी स्कूटर उभी राहिली तर ती कोणाची, याचा छडा लागेपर्यंत त्यांना वर्तमानपत्र वाचवत नसे.

नोकरीसाठी गाडी येणं भाग होतं, म्हणून मी मावशीकडे शिकायला लागले. मी आमच्या घरात सगळ्यांत उंच. सीट पार मागे सरकवली तरी माझे गुडघे डॅशबोर्डला जाऊन भिडायचे. पहिले काही दिवस बरे गेले. मग एकदा दवाखान्याजवळच्या चढावर मी गिअर बदलला आणि गाडीच्या मागून ठो! बंदुकीचा बार उडावा तसा आवाज. फुटपाथवरचा एक माणूस डोक्यावर हात घेऊन खालीच बसला. मी स्टीअरिंग सोडलं. मावशीने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला नसता तर आम्ही थेट औषधांच्या दुकानात शिरलो असतो.

"काय केलंस?" मावशीने विचारलं.

"काही नाही."

"काही न करता गाडी ठो करत नाही."

तिथून जे सुरू झालं त्याने आमच्या सगळ्यांची झोप उडवली. मावशी स्वतः चालवायला बसली की गाडी अगदी शहाण्यासारखी चालायची. दुसरं कोणी बसलं की कधी काही नाही, कधी धडाड. एका परिचारिकेच्या हातून गाडी या आवाजाच्या दचक्याने भिंतीला घासली आणि ती दुसऱ्या दिवसापासून समोरच्याकडे शिकायला जाऊ लागली.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडे नव्याने निघालेल्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. मावशीने त्याचं नाव कधी घेतलं नाही. तो दिसला की हात हलवायचा, सगळे दात दाखवायचा. "एवढं हसायला झालंय काय याला?" मावशी दात खाऊन म्हणायची.

आधी तिचा संशय पेट्रोलवर गेला. तिने पंप बदलला. मग माझ्यावर, मी क्लच अर्धवट सोडते आणि वर ॲक्सिलरेटर तुडवते, असं तिचं म्हणणं. काही दिवस ती रस्त्याकडे न बघता माझ्या पायांकडेच बघत बसायची, त्यात आम्ही एका मोठ्या ट्रकखाली जाता जाता वाचलो. शेवटी संशयाचं बोट समोरच्याकडे वळलं. रात्रीत कोणीतरी येऊन बॉनेट उघडतं आणि काहीतरी करून जातं, असं तिने पक्कं ठरवलं. बॉनेटच्या फटीवर तिने बोटभर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि रोज सकाळी चष्मा लावून ती तपासायला लागली. पट्टी जशीच्या तशी असायची.

"बघ, कोणी हात लावलेला नाही," मी म्हटलं.

"किंवा पट्टी पुन्हा लावलीय," मावशी म्हणाली.

गाडी मिस्त्रीकडे होतीच जातयेत. त्याने प्लग बदलले, कॉइल बदलली. मग स्टीअरिंगच्या खाली जो डायग्नोस्टिक सॉकेट असतो, त्यात स्कॅनर लावून बघितलं. गाडीच्या कॉम्प्युटरने दोष पकडला असेल तर तो स्कॅनरवर दिसतो. आमच्या गाडीला लावलेला स्कॅनर एकदा एक सेन्सर खराब दाखवायचा, दुसऱ्यांदा भलताच दुसरा, आणि कधी मध्येच पडदा कोरा पडायचा. मिस्त्री डोकं खाजवायचा. मावशी माझ्या कानाशी लागली, "हा रोज नवा रोग सांगतोय. गाडी बरी व्हावी असं याला वाटत तरी आहे का?"

मग तिने गॅरेजमध्ये स्टूल टाकून ठाण मांडलं. मिस्त्री वाकला की तीही वाकायची. दुपारपर्यंत त्याने सोसलं, मग पाना खाली आपटला. "बाई, माझ्यावर एवढा संशय असेल तर गाडी दुसरीकडे न्या."

"दुसरीकडे नेली तर मला पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांवर नजर ठेवावी लागेल," मावशी शांतपणे म्हणाली. "इथे निदान एकट्या तुमच्यावर ठेवायची आहे."

मिस्त्रीला हसावं की रागवावं ते कळेना. पण त्यामुळे तो जरा निवळला. म्हणाला, "या पोरीच्या हातून जास्त होतं ना? हिलाच बसवा. मी मागे बसतो."

गॅरेजच्या मागच्या रस्त्यावर मी गाडी काढली. मिस्त्री मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर झुकलेला. क्लचवरून पाय उचलला तसा माझा गुडघा वर आला आणि ठो!

"थांब. इंजिन बंद करू नकोस." तो खाली उतरला, माझ्या बाजूचं दार उघडून वाकला आणि त्याने तो सॉकेट बोटांनी हलवला. ठो! पुन्हा हलवला. इंजिन अडखळलं आणि सायलेन्सरमध्ये पुन्हा बार उडाला. मिस्त्रीचा चेहरा पडला. "आजार शोधायला मी जिथे डॉक्टरसारखी नळी लावत होतो, आजार तिथेच होता," तो म्हणाला.

त्याने खालचं प्लॅस्टिक काढलं. सॉकेटच्या मागे, मूळच्या वायरींचं आवरण मधेच सोलून कोणीतरी जादा वायरी पिळून जोडल्या होत्या, वर कशीबशी काळी टेप. टेप सुटली होती, तांब्याचे केस बाहेर आले होते. मिस्त्रीने समजावलं की मूळच्यातली एक वायर इंजिनच्या कॉम्प्युटरच्याही अर्थिंगची होती. धक्का लागला की जोड सुटायचा, कॉम्प्युटर क्षणभर भांबावायचा, ठिणगी चुकीच्या वेळी पडायची आणि न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरमध्ये जाऊन फुटायचं. मावशी बुटकी, तिचा गुडघा तिथवर पोचतच नव्हता.

जादा वायरींच्या टोकाला काड्यापेटीएवढी डबी होती. मिस्त्रीने ती तळहातावर घेतली आणि आधी म्हणाला, "हे मी बसवलेलं नाही." मग म्हणाला, "गाडी कुठे जाते, कुठे थांबते, ते फोनवर दाखवते ही."

मावशीच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, आनंद पसरला. "मी म्हणत नव्हते? समोरचाच!" ती पदर खोचून निघालीसुद्धा.

"बाई," मिस्त्री म्हणाला, "दाराला कुठे ओरखडा नाही. हे काम किल्ली हातात असणाऱ्याने निवांत करवून घेतलंय. किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे. आणि दुसरी घरी..." ती बोलता बोलता थांबली.

मिस्त्रीने जोड नीट सोल्डर करून दिले, सॉकेट पक्का बसवला. परतताना गाडी मावशीने स्वतः चालवली. मावशी केव्हाही घरी येवो, काकांनी चहा गाळून ठेवलेला असायचा. "यांना माझ्या गाडीचा आवाज लांबून ओळखू येतो," असं ती कौतुकाने सांगायची. त्या दिवशी गॅसवर काहीच नव्हतं. काका फोन हातात घेऊन दारात उभे होते, गोंधळलेले.

"इतका उशीर? गाडी बंद पडली होती का?"

मावशीने डबी टेबलावर ठेवली. काकांनी ती उचलून, खोटं वजन तपासावं तशी उलटीपालटी करून पाहिली.

"कुठे मिळाली?"

"तुम्ही लावलीत तिथे."

मी उठायला लागले तर मावशीने माझा हात धरला. "बस. तुझाही जीव जात होता त्यात."

काकांनी डबी हळूच खाली ठेवली. मग त्यांनी उलट सवाल केला. "मग मीही विचारतो. दुपारी तू त्या पाण्याच्या टाकीमागे कोणाला भेटतेस?"

"कोणालाही नाही."

"रोज?"

"रोज. उठा, दाखवते."

आम्ही तिघं गेलो. टाकीमागे एक भिंत, दोन झाडं आणि समोर घरांची एक इमारत, बाकी काही नाही. मावशीने गाडी सावलीत लावली, सीट मागे पाडली आणि डोळे मिटले. "सकाळपासून एकेक जण शेजारी बसून मला मारायला निघालेला असतो. घरी आले की तुम्ही विचारता, कोण आलं होतं, किती वेळ होता, का हसला. इथे मला कोणी काही विचारत नाही. झालं?"

 मला आरशात दिसलं, काका मान वर करून समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत होते, कोणती उघडी आहे ते. मावशीने डोळे न उघडताच विचारलं, "कोणती वाटते?"

काका ओशाळले. "सवय गं."

"सवयीपायी ही पोर ट्रकखाली गेली असती."

तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. मागे वळून त्यांनी मला विचारलं, "तुला कुठे लागलं नाही ना?" आवाज इतका बारीक झाला होता की मला त्यांची कीव आली.

गाडीने पुन्हा कधी आवाज केला नाही. मी परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले. पहिल्या वेळी आरशातच जास्त बघते म्हणून मला नापास केलं होतं. समोरच्यावरचा संशय मावशीने काही मागे घेतला नाही. डबी नाही तर दुसरं काहीतरी तो नक्की करत असणार, असं तिचं मत.

टाकीमागे मात्र ती पुन्हा गेली नाही. दुपारचा तिचा तो तास अजून कुठेतरी जातो. मागच्या आठवड्यात काकांनी मला स्वयंपाकघरात गाठलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "ती हल्ली थांबते कुठे गं?"

"मला माहीत नाही, काका."

मला खरंच माहीत नव्हतं. काकांनी मान डोलावली, पण जाता जाता दारातून पुन्हा एकदा वळून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.