विठूकाका माझ्या नोकरीवर रुजू होतात

आयुष्यात मी एकच निर्णय स्वतःच्या डोक्यानं घेतला, आणि तो अमलात विठूकाकांनी आणला.

मुंबईहून विणकामाची पदविका घेऊन मी सोलापूरला परतलो, तेव्हा मंदीचे दिवस होते. गिरण्यांचे भोंगे रोज वाजत, पण ते ज्यांना बोलवत त्यांच्यात मी नव्हतो. नाना, म्हणजे माझे वडील, कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांनी माझ्यासाठी तिथंच उमेदवारीची जागा बघून ठेवली होती. (जागा म्हणजे खुर्ची नव्हे. दप्तरखान्याच्या खिडकीखालची सतरंजी.) आत्याचं, म्हणजे नानांच्या थोरल्या बहिणीचं, मत असं की कापड पेठेत तयार मिळतं, ते कसं विणतात हे शिकायला मुंबईला जायची गरजच नव्हती. आईचं मत नानांसारखंच असे, फक्त ती ते आधी सांगे.

अशात रायचूरच्या पुढच्या एका गिरणीनं मला असिस्टंट वीव्हिंग मास्टरची जागा देऊ केली. मी कुणालाही न विचारता होकार कळवला आणि जेवताना ते जाहीर केलं. सतरंजीचं आता काय करायचं, एवढंच नानांनी विचारलं. आई काही दिवस बोलली नाही. मग एका सकाळी तिनं चकल्यांची भाजणी दळायला काढली, त्यावरून परवानगी मिळाली असं मी समजलो. फक्त विठूकाका खूश झाले. विठूकाका नानांचे धाकटे भाऊ, वय चाळिशीच्या पुढं, लग्न नाही, नोकरी नाही, आणि दोन्हींची तक्रारही नाही. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरातून ते सकाळी बाहेर पडत आणि जेवायला परत येत. मधल्या वेळात ते गावाशी बोलत. विणकरांशी तेलुगूत, टांगेवाल्यांशी दखनीत, दुधनीकडून आलेल्या अडत्यांशी कानडीत. कशाबद्दल बोलत, ते त्यांनाही सांगता येत नसे.

निघायच्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरला सगळं घर मला पोचवायला आलं. हसनचाचांच्या टांग्यात ट्रंक, वळकटी, चकल्यांचा डबा आणि आत्या एवढंच मावलं, बाकीचे आम्ही मागून चालत. मुहूर्त चांगला म्हणून मी नवं धोतर नेसलो होतो. दोन्ही पाटलोणी ट्रंकेत होत्या. नानांनी कायद्याला धरून सर्वांची प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. गाडी आली ती भरून. नाना म्हणाले, आधी जागा धरली पाहिजे. एक माणूस धरलेली जागा टिकवू शकत नाही असा त्यांचा अनुभव, म्हणून ते स्वतः चढले. आई सामान नीट लावायला चढली. आई सामान नीट लावत नाही म्हणून आत्या चढली. विठूकाका कुणीतरी ओळखीचं दिसलं म्हणून चढले. मी माझा नवा कोट खिडकीतून आत दिला, तो त्यांनी बाकावर खूण म्हणून पसरला.

जागा इतकी चोख धरली गेली, की तिथं मला बसायला काही उरलं नाही. मी खाली फलाटावर खिडकीशी उभा राहिलो आणि आतून मला प्रकृतीला जपायच्या सूचना मिळत राहिल्या.

तेवढ्यात गाडी हलली.

विठूकाका म्हणाले, चढ. नाना म्हणाले, चढ. मी दांड्याला हात घातला. पण आई खिडकीतून ओणवी होऊन म्हणाली, "चालत्या गाडीत चढायचं नाही हं, विष्णू."

लहानपणापासून मी आईचं ऐकत आलो आहे. मी हात सोडला. गाडी माझ्या डोळ्यांदेखत माझ्या आईवडिलांना, आत्याला आणि काकांना घेऊन रायचूरच्या दिशेनं निघून गेली. आत्या तेवढ्या घाईतही मला हात हलवून निरोप देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गिरणीत हजर व्हायचं होतं. माझ्या खिशात तिकीट होतं, अंगावर सदरा-धोतर होतं, आणि बाकी सगळं गाडीत होतं. मी धावत बाहेर आलो आणि हसनचाचांना म्हणालो, टांगा होटगीला घ्या, गाडी तिथं थांबते. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मग घोडीकडं पाहिलं. "मालक, ही घोडी हाय, इंजान न्हाय," ते म्हणाले. पण निघाले. वाटेत त्यांनी मला दोनदा खाली उतरवलं. एकदा चढावर घोडीला दम लागला म्हणून, आणि एकदा उतारावर, घोडीला बरं वाटावं म्हणून.

होटगीला काय झालं ते मला तिथल्या स्टेशनमास्तरांनी सांगितलं. गाडी थांबल्याबरोबर नाना खाली उतरले, आई आणि आत्याला उतरवलं, आणि सामानावर लक्ष ठेव असं सांगून विठूकाकांना आतच ठेवलं. मग ते सरळ स्टेशनमास्तरांकडं गेले आणि म्हणाले, आम्ही विनातिकीट प्रवास केला आहे, आमच्यावर खटला भरा. मास्तर भले होते. झालं ते चुकून झालं, असू द्या म्हणाले. नानांना ते चालेना. उभ्या हयातीत त्यांनी दुसऱ्यांचे गुन्हे दप्तरी लावले होते. स्वतःचा पहिलाच गुन्हा असा वाया जावा हे त्यांना पटेना. त्यांनी पुरावा म्हणून सोलापूरची प्लॅटफॉर्म तिकिटं टेबलावर मांडली. मास्तर कबुलीजबाब ऐकत असतानाच गाडी सुटली. त्यानंतर मास्तरांनी तिघांना चहा पाजला आणि सोलापूरकडं जाणाऱ्या पहिल्या गाडीत जवळजवळ ढकलून बसवलं. ती गाडी नुकतीच गेली होती. टांग्यातून येताना शेजारून धूर सोडत गेलेली गाडी ती हीच. तिच्या खिडकीतून कुणीतरी हात हलवल्यासारखं मला वाटलंही होतं.

"तुमच्या घरात तिकीट असलेले एकटे तुम्हीच," मास्तर माझं तिकीट उलटसुलट बघत म्हणाले, "आणि गाडीत नसलेलेही एकटे तुम्हीच."

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा मंडळी जेवायला बसली होती. मी जवळजवळ रडकुंडीला आलो होतो. पहिल्याच दिवशी गैरहजर राहिलेल्या माणसाची जागा त्या मंदीत कोण राखून ठेवणार? गिरणीला तार करायची ठरली. मी मजकूर सांगितला: मी आज येत नाही, काका सामान घेऊन येत आहेत, मी उद्या निघतो.

आत्यानं घास खाली ठेवला. "निघालेल्या माणसानं 'येत नाही' म्हणू नये की रे. असलं अभद्र सरकारी तारेत घालतोस?"

मी 'येत नाही' काढलं. नाना म्हणाले, तारेत काका, मामा असली नाती घालू नयेत. कायद्याच्या दृष्टीनं माणसाला नाव असतं. मी काका काढले. आई म्हणाली, सामानाचा उल्लेख नको, वाटेत कुणी वाचलं तर चोरीला जाईल. मी सामान काढलं. शेवटी जी तार गेली, तिच्यात इतकंच होतं: व्ही. आर. मुळेगावकर येत आहेत.

मी म्हणालो, नाना, हे खोटं आहे. नानांनी शांतपणे हात धुतले. मी विष्णू रामचंद्र, तसे विठूकाका विठ्ठल रघुनाथ. दोघंही व्ही. आर. मुळेगावकर, आणि त्यातले एक खरोखरच येत होते. त्या तारेतलं अक्षर न् अक्षर शपथेवर खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच पॅसेंजरनं निघालो. या वेळी घरच्यांनी मला एकट्याला टांग्यात बसवलं आणि दारातूनच निरोप दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीच्या फाटकाशी उभा राहिलो. प्रवासात धोतर मातकट झालेलं, दाढी वाढलेली, हातात आईनं पुन्हा दिलेला चकल्यांचा डबा. पहारेकऱ्याला मी माझं नाव सांगितलं. तो हसला. मुळेगावकरसाहेब कालच आले, त्यांना न्यायला मालकांची घोडागाडी गेली होती, असं त्यानं तुटक हिंदुस्थानीत हातवारे करून समजावलं. मग माझ्याकडं निरखून बघत हळूच विचारलं, "साहेबांचे आचारी का?"

आत जायला मिळत असेल तर आचारी, असं म्हणून मी आत गेलो.

विठूकाका व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. अंगात माझा कोट. समोर पानाचं तबक. दोन्ही बाजूंना दोन आडदांड जॉबर, म्हणजे मागखात्यातले मुकादम, उकिडवे बसलेले, आणि तिघंही कानडीत काहीतरी बोलून हसत होते. मला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. "आलास होय? ऊट आय्ता?" त्यांनी विचारलं. जेवण झालं का, असं ते एका रात्रीत पुतण्यालाही कानडीत विचारू लागले होते.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, हे काय चाललंय. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. रिकामा बाक मिळाल्यावर त्यांना झोप लागली. तिकीट तपासनीसानं उठवलं, तेव्हा तिकीट मागच्या गाडीनं येतंय असं त्यांनी सांगितलं. तपासनीसाला ते इतकं नवीन वाटलं, की तो शेजारी बसला आणि दोघांनी चकल्या संपवल्या. सकाळी स्टेशनवर उतरले तर हारासकट माणूस हजर.

"पण आपण विष्णू नाही, हे तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगणारच होतो," काका म्हणाले. "पण आधी चहा आला. मग जेवण आलं. जेवल्यावर मालक म्हणाले, पडा थोडं. उठल्यावर सांगणं काही बरं दिसेना."

ते दोन जॉबर कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्यामुळं अर्धे माग बंद होते. काकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना पान खायचं होतं. एकाकडं पान होतं आणि दुसऱ्याकडं चुना. त्यांनी दोघांनाही हाक मारून जवळ बसवलं. दुपारी सगळे माग सुरू झाले. मालकांना वाटलं, मुंबईचं शिक्षण म्हणतात ते हेच.

मी थेट मालकांकडं गेलो आणि खरा मुळेगावकर मी, असं सांगितलं. मालक वयस्क गृहस्थ, मोडकीतोडकी हिंदुस्थानी बोलणारे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, तुम्ही शिकलेले आहात, तर चला, माग बघा. आंघोळ करून पाटलोण चढवून येतो म्हणावं, असं मनात आलं. पण ट्रंक काकांच्या खोलीत, खोलीची किल्ली काकांच्या कमरेला, आणि मालक तोवर चालू लागलेले.

मागखात्यात मी एका चालत्या मागाशी उभा राहिलो आणि इंग्रजीत बोलायला लागलो. धोटा, ताणा, बाणा, सगळं मला तोंडपाठ होतं. विणकर भोवती जमले. काकांनीही मान डोलावली. बोलण्याच्या भरात मी पुढं वाकून कापड गुंडाळणारा रूळ दाखवला, आणि माझ्या धोतराचा सोगा त्या रुळानं पकडला.

तो रूळ सावकाश फिरतो, हे मी नुकतंच सर्वांना समजावून सांगितलं होतं. त्यामुळं पुढचं सगळं सावकाश घडलं. धोतर कापडाबरोबर शिस्तीत गुंडाळलं जाऊ लागलं. मी ओढलं, मागानंही ओढलं. मग मी धोतराच्या बाजूनं वळलो. एक गिरकी घेतली, दुसरी घेतली. कुणीतरी माग थांबवला तोवर माझ्याजवळ सदरा आणि पदविका एवढंच उरलं होतं. पदविकासुद्धा ट्रंकेतच होती म्हणा.

काकांनी पुढं येऊन अंगातला कोट काढला आणि माझ्या कमरेला बांधला. सगळे विणकर हसत होते. ते दोन जॉबर तर एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते. मालकांनी मला ऑफिसात नेऊन ताक दिलं आणि फार प्रेमानं बोलले. विणकाम माझ्या माणसांना येतं, ते म्हणाले, ते आणखी एकाला आलं काय आणि न आलं काय. तुमच्या काकांना इथंच राहू द्या. तुम्ही हुशार आहात, तुम्हाला कुठंही नोकरी मिळेल. फक्त चालत्या यंत्रापासून लांबची बघा.

मी परत आलो. सतरंजी नानांनी अजून कुणाला दिली नव्हती. पुढं खुर्चीही मिळाली. परमुलुख पाहायचा, स्वतःच्या पायावर उभं राहायचं, हे सगळं आमच्या घरात घडलं, फक्त ते काकांच्या वाट्याला आलं. ते वीव्हिंग मास्टर झाले, त्यांचं तिकडंच लग्न झालं, आणि आत्या आल्यागेल्याला सांगू लागली की आमच्यात शिकलेला तो एकच.

काही वर्षांनी दिवाळीला ते आले, तेव्हा धीर करून मी विषय काढला. दप्तरखान्यात जीव रमत नाही, म्हटलं. गिरणीत आता तुमचा शब्द चालतो. माझ्यासाठी एखादी जागा बघा.

विठूकाकांनी तोंडातलं पान गालात सारलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"आमच्या गिरणीत नात्यातली माणसं घेत नाहीत, विष्णू," ते म्हणाले. "एकाच्या जागी दुसराच येऊन बसतो. तो नियम मीच करून घेतलाय."

मी मान डोलावली. नियम मला पटला होता, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.