चाकापुढचा दगड

मालेगावच्या दौलतसिंग मिस्त्रीचं नाव निघालं की लोक म्हणायचे, बिघडलेली गाडी त्याच्या दारात नुसती उभी केली तरी सुधारते. अतिशयोक्तीच ती, पण दौलतसिंगाला ऐकायला गोड लागे. त्या नावाला बट्टा लावला अनसिंगच्या रामरावांच्या जुन्या विलायती मोटारीनं.

रामरावांचा डावा पाय लहानपणापासून लुळा. म्हणून त्यांनी हौसेनं ही क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली आणि वर्षानुवर्षं पंचक्रोशीत मिरवली. मग लकव्यानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. एकदा आपल्याच गाडीतून तुरीच्या शेतापर्यंत जायचं, एवढीच आस उरली. आणि नेमका तेव्हाच गिअरबॉक्स दगा देऊ लागला. दौलतसिंगानं आतल्या, एकमेकींना घट्ट धरून चाकांना जोर देणाऱ्या प्लेटा बदलल्या, त्या जळाल्या. पुन्हा बदलल्या, पुन्हा जळाल्या. पुढं पार्टच मिळेनात, तेव्हा त्यानं प्लेटांवरचं अस्तर स्वतःच्या हातानं चिकटवलं. ठरल्या दिवशी रामरावांना उचलून गाडीत बसवलं, तर गाडी फाटकातच अडली. आठवड्याभरात म्हातारा गेला. मिस्त्रीच्या हातचा गुण गेला, असं अख्खं अनसिंग बोलू लागलं, आणि दौलतसिंगाच्या जिवाला ते फार लागलं.

तेरवी झाल्यावर तो दोष शोधायला पुन्हा गेला. गिअरबॉक्सचं ऑइल करपलेलं निघालं. पुढच्या चाकाशी एक मोठा दगड होता, टायरनं घासून काळा पडलेला. हा इथं कशाला, असं त्यानं रामरावांच्या बायकोला, गोजराबाईंना विचारलं.

"रोज सांजच्याले गाडी चालू करत होती मी," त्या म्हणाल्या. "दगड लावायचा अन् दांडा गिअरात टाकायचा. गाडी निंगाली असा आवाज ये, तं हे पडल्या पडल्या हासत. घंटाभर तेवढंच सुख होतं त्यायले."

दौलतसिंगानं करपलेलं ऑइल पुन्हा बोटावर घेऊन पाहिलं. दगडानं अडवलेली गाडी रोज तासभर गिअरात ठेवल्यावर आतल्या आत घासून कुठल्या प्लेटा टिकणार होत्या?

गोजराबाईंचा चेहरा उतरला. "काहून, माह्याच्यानं तं नाही ना बिघडली?"

खरं सांगितलं असतं तर त्याचं गेलेलं नाव संध्याकाळपर्यंत परत आलं असतं.

"नाही काकू," तो म्हणाला. "माहं अस्तरच कच्चं होतं."

 गोजराबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मंग तुमीच त्यायची आस मोडली, दौलतभाऊ."

दौलतसिंगानं मान हलवली आणि हत्यारं गोळा करू लागला.