उतारावरचे मामा

आमच्या इमारतीतले मामा सारी हयात शहर बस चालवून निवृत्त झाले, पण त्यांचा उजवा पाय अजून निवृत्त झालेला नाही. टॅक्सीत बसवा, जावयाच्या गाडीत बसवा, समोर कोणी आडवं आलं की मामांचा पाय खाली दाबला जाणारच. टीव्हीवर पाठलाग लागला तरी तेच. कोचासमोरच्या सतरंजीला नेमकं तिथेच भोक पडलंय. "आमच्या घरात माणसं तीन आणि ब्रेक एक," मामी म्हणतात.

मामा खरे एकाच मुलीचे. पण ती भाची लहानपणापासून इथेच वाढली. जिन्यात दिवसभर "ए मामा" चाले, तेव्हा सगळ्या इमारतीनेच त्यांना मामा करून टाकलं. भाचीला चाकांचं वेड. आधी स्केट्स, मग खाली चाकं लावलेली लांबलचक स्की. आणि एक दिवस बातमी आली, की बर्फावरच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत देशातर्फे तीच जाणार. आपला मुलूख कसला, तर जिथे बर्फ ग्लासात घालतात आणि स्वेटर डांबरगोळ्यांच्या सोबतीने म्हातारा होतो!

"अहो, पण सरावाला बर्फ कुठून आणणार?" मामींनी विचारलं.

"बर्फाचं नंतर बघू. आधी दम आणू."

मग रोज सकाळी रहदारी जागी व्हायच्या आत वरात निघायची. मामा स्कूटरवर पुढे, भाची मागून दोन्ही हातांनी काठ्या मारत. "डावीकडे खड्डा! गतिरोधक!" असा मामांचा पुकारा चाले. भटकी कुत्री आठवडाभर भुंकली, मग त्यांनीही नाद सोडला.

शहर आमचं पोळपाटासारखं सपाट. चढ-उतार म्हणाल तर एक उड्डाणपूल. चढताना पोरगी एकटी, घामाघूम. उतरताना मात्र पंचाईत, कारण त्या स्कीला ब्रेक नाही आणि पुलाखाली मोठा चौक. तेव्हा मामा स्कूटर तिच्या पुढ्यात आणत, ती मागचं कॅरिअर धरी, आणि मामा हलक्या पायाने ब्रेक दाबत तिला खाली आणत. एखाद्या म्हाताऱ्या प्रवासी बाईंना स्टॉपवर अलगद उतरवावं तसं. गॅलरीतून बघताना आम्हाला फार गोड वाटायचं. पोरगी सगळं शिकतेय, फक्त उतरायला शिकत नाहीये, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मामांच्याही नाही.

तिच्यासोबत एकालाच जाता येणार होतं. ती जागा क्रीडा खात्यातल्या एका साहेबांना मिळाली, ज्यांना एसीतसुद्धा शिंका येत. मामांनी मन मोठं करून त्यांना आपली माकडटोपी दिली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी मामांचा पेपर परत द्यायला गेलो, तेवढ्यात तिचा फोन आला. मामांच्या फोनचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू जातो.

"ए मामा, मी पडतेय रे."

"पड की. बर्फ मऊ असतो म्हणे."

"चेष्टा नको ना. चढावर नाही पडत. उतार आला की हात आपोआप पुढे जातो. तुझी स्कूटर शोधतो. आणि गेला तोल! प्रत्येक वेळी. उद्या पूर्ण होणारच नाही माझ्याकडून."

भांडखोर प्रवाशांना आयुष्यभर पुरून उरलेले मामा सतरंजीच्या भोकाकडे बघू लागले.

"अहो, मी तुझ्या पुढेच आहे समज, असं सांगा ना," मामी कुजबुजल्या. "धीर येईल पोरीला."

मामांनी फोन छातीशी धरला. "अगं, तेच तर चुकलं. मी पुढेच होतो." मग फोन कानाला लावून म्हणाले, "हे बघ बाळा. पुढे कोणी नाही. स्कूटर नाही, मामा नाही. मी इथे घरी बसलोय, पायात चप्पलसुद्धा नाही. हात अंगाशी घे, गुडघे वाकव आणि जा."

"खूप जोरात जाईन रे."

"जा."

फोन ठेवल्यावर मामी फणकारल्या, "इतकं तोडून बोलतात का?" मामांसमोरच्या चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खी इमारत मामांच्या टीव्हीसमोर. कॅमेरा नेमका एका उताराच्या पायथ्याशी. पहिल्या मुली इस्त्री फिरावी तशा सुळ्ळकन गेल्या. कडेच्या गर्दीत मामांची माकडटोपी दिसली. साहेब तिच्यात कुठेतरी असावेत. मग बराच वेळ नुसता पांढरा उतार. आणि वर एक ठिपका.

"आली!" मामी ओरडल्या.

मामांचा पाय सतरंजीवर दाबला गेला. ठिपक्याची मुलगी झाली, वेग वाढला, आणि तिचा उजवा हात हळूच पुढे सरकला.

"हात!" मामा ओरडले. थेट "खड्डा!" ओरडत तसे.

हात हवेत थबकला. मागे आला, अंगाशी गेला. गुडघे वाकले. आणि पोरगी अशी सुसाट आली, की मामांनी तिला आयुष्यात कधी तेवढ्या जोरात येऊ दिलं नसतं.

आम्ही टाळ्या पिटत होतो. ती शेवटून तिसरी आली, हे पुढे कळलं. त्या क्षणी मी मामांकडे पाहिलं. ते कोचाच्या कडेवर आले होते, आणि त्यांचा उजवा पाय सतरंजीपासून चांगला वीतभर वर, अधांतरी धरलेला होता.

"अहो, गेली ती. पाय टेका आता खाली," मामी डोळे पुसत म्हणाल्या.

"थांब गं," मामा म्हणाले. "पुढे अजून एक उतार आहे."