एका दिवसाची प्राध्यापिका

मूर्खपणा आयुष्यात पुष्कळ केला, पण नानाच्या कॉलेजात एक दिवस प्राध्यापिका होऊन बसले, त्याची सर कशालाच नाही. तेव्हा मी सत्तावन्नची होते, अक्कल मात्र सतराची. धुळ्यात शाळेत चित्रकला शिकवायचे. माझा धाकटा मावसभाऊ नाना एका खासगी विद्यापीठात कुलसचिव. जळगावचं कॉलेज जोरात चाललं म्हणताच त्याच्या संस्थेने धुळ्याच्या पुढे माळरानावर नर्सिंगचं नवं उभारलं. इमारत झाली, पोरींचे प्रवेशही झाले. उद्या तपासणी समिती येणार, आणि नाना माझ्या ओट्यावर घाम पुसत बसलेला.

"बठ्ठं शे अक्का, सगळं आहे, फक्त शिकवणारंच कोणी नाही. इतक्या आडरानात कोण येतंय? मान्यता हुकली तर पोरींचं वर्ष जाईल."

"खुर्चीतच बसायचंय ना? मी बसते. चष्म्यात मी विद्वान दिसते!"

इरकली नेसून बसले. समितीतल्या बाईंनी हृदयाबद्दल विचारलं. मी रंगीत खडूंनी फळ्यावर असं देखणं हृदय काढलं, की बाई पुढचा प्रश्नच विसरल्या. मान्यता मिळाली. मी पेढे वाटले... नानाने खाल्ला नाही.

मग दरवर्षी नवा मजला, नवा अभ्यासक्रम. "मजले चढतायत अक्का, माणसं कुठून आणू?" म्हणत नाना आक्रसत गेला. कुणी आजारी पडलं की त्याचा पहिला प्रश्न, "नर्स कुठली?" मी बावळट, हसायचे.

दीड महिन्यापूर्वी जुनं दुखणं उलटून नाना जळगावच्या दवाखान्यात पडला. त्याला सलाईन लावायला सातपुड्याकडची एक मुलगी आली. "कुठे शिकलीस बेटा?" नानाने विचारलं. तिने माळरानावरच्या त्याच कॉलेजचं नाव घेतलं. नानाने हात पांघरुणात ओढला. "अक्का, दुसरीला बोलाव." दुसरी कोणी नव्हतीच. मीच त्याचा हात बाहेर काढून घट्ट धरला आणि डोळे मिटले... पहिल्याच खेपेला शीर सापडली.

दोन दिवसांनी नाना त्याच दुखण्याने गेला. त्याचं सामान आवरताना मी त्या मुलीला सगळं सांगून टाकलं, अगदी खडूंसकट. विचारलं, "मग तुझा हात एवढा बसला कसा ग?"

चादरीची घडी घालत ती म्हणाली, "शिकवायला कोणी आलंच नाही, आजी. आम्ही एकमेकींच्या हातावर टोचून शिकलो. हात निळे पडायचे. आखाजीच्या सणाला घरी गेलो, की झोक्यावरून पडलो म्हणून सांगायचो."