पाहुणे यायच्या आदल्या दिवशी

ड्रायव्हरकाकांचा टापटिपीचा सोस म्हणजे विचारू नका! नोकरीत होते तेव्हा काच लखलखीत पुसल्याशिवाय बसची चावी फिरवायचे नाहीत. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे निवृत्त झाल्यावर तेच फडकं घेऊन घरातल्या खिडक्यांच्या मागे लागले. त्यांच्या डोळ्यांत सलायचा तो एकच, घरामागचा जमिनीचा तुकडा. काकूंच्या वडिलांनी दिलेला, काकूंचा जीव की प्राण. गुडघाभर गवत, रानफुलं आणि भुईत बिळं करून राहणाऱ्या मधमाश्या. "जंगल पोसलंय नुसतं," काका कुरकुरायचे.

शेजारच्या गॅरेजवाल्याला ती जागा गाड्या उभ्या करायला हवी होती. घरातली पैशांची ओढाताण काकूंनाही दिसत होती. तेवढ्यात एका संस्थेचं कळलं. जमीन न विकता, न नांगरता रानफुलांसाठी, मधमाश्यांसाठी अशीच राखली, तर संस्था तीस वर्षं दरसाल पैसे देणार. आधी त्यांच्या बाई येऊन पाहणार. त्यांना नाही पटलं तर गॅरेजवाला होताच. काकू दिवसातून दहादा मागच्या दारी जाऊन उभ्या राहायच्या.

ते काकांना बघवेना. बाई यायच्या आदल्या दिवशी काकू बाजारात गेल्या आणि यांनी विळा उचलला. पाहुणे यायचे, आणि हा अवतार? गवत, फुलं सगळं भुईसपाट केलं. बिळं बुजवली, वरची माती फळीनं चोपून गुळगुळीत केली. काकू परतल्या तसे छाती फुगवून म्हणाले, "बघ, कसं चकाचक!"

काकू पिशवी टाकून तिकडे धावल्या. "अहो, हे काय करून बसलात!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळं फिरून पाहिलं. "गवत येईल परत," त्या म्हणाल्या, "पण आत्ता इथं राखण्यासारखं काही दिसत नाही. पुढच्या वर्षी येते. तोवर पैसे नाही देता येणार."

त्या गेल्यावर काका तिथंच उभे राहिले. एक मधमाशी चोपलेल्या मातीवर घिरट्या घालत होती. उतरायची, जरा उकरायची, पुन्हा उडायची.

"ही काय शोधतेय गं?"

"दार. अंडी आत आहेत तिची."

काका उकिडवे बसले आणि बोटांनी माती उकरू लागले. बीळ नेमकं कुठं होतं तेच सापडेना. त्यांना फार वाईट वाटलं.

संध्याकाळी गॅरेजवाला फाटकाशी आला. "काय काका, जमलं नाही म्हणे? मग उरकून टाकू आता व्यवहार."

"नाही. शाळेची बस चालवीन वर्षभर, पण जागा द्यायची नाही."

काकू पुढे आल्या. "अहो, गुडघ्यांचं काय?"

"दुखू देत," काका म्हणाले. "तिचं दार मीच बंद केलंय ना."